दूध तेवढंच, फॅट मात्र ३.९ वरून २.८! गाईच्या पोटात बिघडलंय काय?

दावणकर | सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. फलटणकडे गोठा आहे आमचा. ११ एचएफ (होल्स्टीन) गाई, त्यातल्या ८ दुधात. डेअरीला दिवसाला ११५-१२० लिटर दूध जातं. गेली दोन वर्षं फॅट ३.७ ते ३.९ च्या खाली कधी लागलं नाही. गेल्या बारा दिवसांत मात्र ३.५, ३.३, ३.० करत काल २.८ वर आलं. एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५, जागेवर आहे. दूध कमी नाही, उलट तीन-चार लिटर वाढलंय. गाई खातायत, ताप नाही, कास नरम आहे.

दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ वर धरतात हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहेच. त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला (०.१ ला) कपात. आणि ३.२ च्या खाली गेलं की केंद्रावरचा माणूस कॅन बाजूला सरकवून ठेवतो, वर चार लोकांत म्हणतो, "दादा, पाणी कुठल्या विहिरीचं?" पाणी घातलं असतं तर एसएनएफ आधी पडला असता एवढं त्यालाही कळतं. पण बोलायला मिळालं की कोण सोडतंय.

घरी आई म्हणते साय कागदासारखी यायला लागलीय. वैरणीत फार मोठा बदल केलेला नाही. काय असेल?

खडाखोर | सोमवार, रात्री ९:५८

केंद्रावरचं फॅटचं मशीन. दुसरं काय असणार! आमच्याकडे महिनाअखेरीला सगळ्या गावाचं फॅट एकाच दिवशी दोन पॉइंटनं पडायचं. गाई काय मीटिंग घेऊन ठरवतात का?

सुमन_धार | सोमवार, रात्री १०:२०

मशीनच्या आधी नमुना बघा, भाऊ. कॅन वरून खाली ढवळून नमुना घेतात का? दूध उभं राहिलं की फॅट वर येतं. तळातून घेतलं तर कमी लागणारच.

दुसरं, धार पूर्ण निघते का? पहिल्या धारांत फॅट एक-दीड टक्का असतं, शेवटच्या धारांत सात-आठच्या वर जातं. धारेचं मशीन लवकर काढलं किंवा शेवटचं वासराला सोडलं तर मलई वासराच्या पोटात आणि पांढरं पाणी कॅनमध्ये! आमच्या सासूबाई शेवटच्या चार धारा वेगळ्या तांब्यात काढायच्या, चहाला.

दावणकर | मंगळवार, सकाळी ७:१०

सुमनताई, धार पूर्ण निघते, वासरं वेगळी बाटलीवर आहेत. खडाखोर, मलाही तोच संशय होता. म्हणून काल त्याच दुधाची बाटली घेऊन शेजारच्या गावच्या केंद्रावर गेलो. तिथे अजून जुन्या पद्धतीनं करतात, ॲसिड घालून, बुटिरोमीटर (फॅट मोजायची काचनळी) फिरवून. २.९ आलं. म्हणजे मशीन सुटलं, गाय अडकली.

गोठ्यातला_डॉक्टर | मंगळवार, दुपारी १:१५

एसएनएफ जागेवर, दूध किंचित वाढलेलं, फॅट एकदम खाली आणि तेही बारा दिवसांत, सगळ्या गाईंचं मिळून. हे चित्र जुनं आणि ओळखीचं आहे. फ्रान्सच्या बुसिंगो नावाच्या शास्त्रज्ञानं १८४५ मध्येच चारा बदलल्यावर दुधातलं फॅट पडतं असं लिहून ठेवलंय. तुम्ही "वैरणीत फार मोठा बदल नाही" म्हणताय. हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. म्हणून खोदून विचारतो, रागावू नका:

कडबा किती आणि कधीपासून? कुट्टी किती बारीक? पेंड कोणती, किती, दिवसातून किती वेळा? आणि दुपारी दोनच्या सुमारास गोठ्यात जाऊन उभं राहा. बसलेल्या गाईंपैकी किती रवंथ करतायत ते मोजा.

दावणकर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

डॉक्टर, मोजून आलो. सहा बसलेल्या, दोनच रवंथ करत होत्या. शेण पातळ आहे, त्यात मक्याचे दाणे दिसतात आणि वर बुडबुडे.

कडबा महिन्याभरापूर्वी संपला, पेंढीचा भाव बघून नवीन घेतला नाही. हिरवी मका भरपूर आहे, म्हणून सगळी तीच. कुट्टीचं नवीन मशीन घेतलं, जुन्याहून खूप बारीक कापतं, गाई एक काडी ठेवत नाहीत. तुमचा प्रश्न वाचून एक रुपयाचं नाणं ठेवून बघितलं. एका नाण्यावर सहा-सात तुकडे मावतात.

पेंड आधी सरकी होती. तीन आठवड्यांपूर्वी निम्म्याहून जास्त बंद करून मक्याची डीडीजीएस (इथेनॉल कारखान्यातला सुका चोथा) सुरू केली, गाईला तीन किलो. किलोमागे चांगलेच पैसे वाचतात, प्रोटीनही भरपूर सांगितलं. वर मका भरडा दोन किलो. सगळं दोन वेळा, धारेला.

लिहिताना माझं मलाच कळतंय की "फार मोठा बदल नाही" हे जरा जास्तच झालं.

गोठ्यातला_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०:०५

आता नीट सांगतो. लांब होईल.

गाईच्या दुधातलं फॅट पेंडीच्या पोत्यातून सरळ कासेत जात नाही. त्यातला जवळजवळ अर्धा भाग कास स्वतः तयार करते, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे ॲसिटिक आम्ल. आपल्या व्हिनेगरमधलंच. ते येतं चाऱ्याच्या तंतूतून. कोठीपोटात, म्हणजे रुमेनमध्ये, जिवाणू कडब्याच्या काड्या आंबवतात तेव्हा ॲसिटिक जास्त होतं. मका भरडा, ज्वारी असलं पिठूळ खाद्य आंबवलं की प्रोपिऑनिक वाढतं. प्रोपिऑनिकमधून साखर होते, साखरेतून दूध वाढतं. म्हणून तुमचे तीन-चार लिटर वाढले.

पूर्वी आम्हाला कॉलेजात एवढंच शिकवायचे: ॲसिटिक कमी, म्हणून फॅट कमी. पण हिशोब पुरा लागत नव्हता. खरा चोर पुढे सापडला. मक्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल असतं. कोठीपोटातले जिवाणू ते पायरी-पायरीनं घट्ट करत स्टिअरिकपर्यंत नेतात. पोट ठीक असेल तर ही वाट सरळ जाते. पोट आंबट झालं, सामू (पीएच) ५.८ च्या आसपास घसरत राहिला, की जिवाणूंची जात बदलते आणि वाट फुटते. त्या आडवाटेला एक पदार्थ तयार होतो, ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए, लिनोलेइकचंच एक बदललेलं रूप. तो रक्तातून कासेत जातो आणि फॅट बनवणाऱ्या यंत्रणेचं बटणच बंद करतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटानं २००० साली हा पदार्थ शुद्ध करून गाईंच्या चौथ्या पोटात सोडला. रोज फक्त १० ग्रॅम. चार दिवसांत फॅट चाळीस टक्क्यांहून जास्त पडलं. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे हो!

आता तुमच्या गव्हाणीत बघा. डीडीजीएस म्हणजे इथेनॉल काढून उरलेला मका. स्टार्च गेलं, बाकी सगळं तिपटीनं गोळा झालं, तेलसुद्धा. म्हणजे चोराला लागणारा माल आला. कुट्टी बारीक, कडबा नाही, म्हणून गाय चघळत नाही. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत सोडा असतो. चघळणं कमी झालं की लाळ कमी, सोडा कमी, पोट आंबट. म्हणजे दारही उघडं. वर भरडा दोनच वेळा, एकदम. तुम्ही तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात केल्यात. नुसती डीडीजीएस असती आणि कडबा असता तर कदाचित काही झालं नसतं.

करायचं असं: डीडीजीएस एक किलोवर आणा, उरलेल्या जागी सरकी पेंड परत. कडबा नसेल तर गव्हाचं काड चालेल, पण गाईला दोन-तीन किलो सुकं पाहिजेच. मशीन लांब कापेल असं लावून घ्या, कुट्टी बोटाच्या पेराएवढी ठेवा. आधी वैरण, मग पेंड, आणि पेंड दोनाऐवजी चार वेळा. खायचा सोडा गाईला दीडशे ग्रॅम पेंडीतून, पण ती मलमपट्टी आहे, औषध कडबाच. आणि दहा ते पंधरा दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी मला "फॅट वाढलं नाही" म्हणून लिहू नका.

खडाखोर | मंगळवार, रात्री १०:३१

डॉक्टर, दंडवत. मशीनवाल्याची माफी मागत नाही, ते वेगळं खातं.

आबासाहेब_पाटीलवाडा | बुधवार, सकाळी ६:०५

आमच्या वडिलांच्या काळी एक युक्ती होती. फॅट लागत नाही म्हटल्यावर गाईला पावशेर गोडं तेल पाजायचे. वडिलांचं गणित साधं, तेल घातलं की तेल निघणार. दुसऱ्या दिवशी गाईनं वैरणीला तोंड लावलं नाही आणि चौथ्या दिवशी फॅट आधीपेक्षा खाली. वडील म्हणाले तेलात भेसळ होती.

गोठ्यातला_डॉक्टर | बुधवार, सकाळी ८:२०

आबा, तेल शुद्ध होतं म्हणूनच तसं झालं! मोकळं तेल कोठीपोटात गेलं की तंतूवर थर बसतो आणि तंतू पचवणारे जिवाणू मरतात. आख्खी सरकी दिली तर तेवढं होत नाही, कारण तेल बीच्या आत असतं, हळूहळू सुटतं, आणि वर कापसाचे तंतू असतात ते चघळायला.

वऱ्हाडी_माय | बुधवार, दुपारी ३:४०

सरकीचं नाव निघालं म्हणून लिहितो बाप्पा. आमच्याकडे यवतमाळात म्हशीले सरकी भिजवून देतात, माहेरी तर शिजवून. त्या तुपाची गोष्टच वेगळी. दाणा असा पडते की पोळीवर रवा टाकल्यासारखा. उन्हाळ्यातही लवकर पातळ होत नाही.

पण माझा राग ऐका. दोन वर्षांआधी बचत गटाचं तूप आम्ही एका प्रयोगशाळेत तपासायले पाठवलं. घरच्या म्हशी, घरचं लोणी, माझ्या डोळ्यांसमोर कढवलेलं. आकडा कमी आला म्हणे, भेसळीचा संशय. चुलीपुढे आम्ही बसायचं आणि भेसळही आमचीच! पुण्याचा माणूस तूप परत करून मोकळा झाला. कोणता आकडा, काहून कमी, कोणी सांगलं नाही.

रसायनवाला | बुधवार, रात्री ८:५०

ताई, तुमच्यावर अन्याय झाला असण्याची दाट शक्यता आहे. दुग्धतंत्रज्ञान शिकलोय, तुपाच्या चाचण्यांत बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो.

तो आकडा बहुतेक आरएम व्हॅल्यू असणार, रायशर्ट-माइसल. पाच ग्रॅम तुपातून वाफेबरोबर उडणारी आणि पाण्यात विरघळणारी आम्लं किती निघतात याचं ते माप. मुख्यतः ब्युटिरिक, चार कार्बनचं. तूप कढवताना घरभर जो वास सुटतो त्यात याचा वाटा असतो. ते गाई-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधातच असतं, खाण्याच्या इतर तेलांत जवळजवळ नसतंच. म्हणून आरएम कमी आला की संशय येतो, कोणीतरी पामतेल किंवा वनस्पती तूप मिसळलंय.

आता वर डॉक्टरांनी सांगितलेलं आठवा. आखूड साखळीची आम्लं कास स्वतः बनवते. लांब साखळीची, अठरा कार्बनची, रक्तातून येतात, म्हणजे खाल्लेल्या तेलातून किंवा अंगावरच्या चरबीतून. सोळा कार्बनचं पामिटिक दोन्हीकडून. म्हशीनं रोज सरकी खाल्ली की लांब साखळ्यांची भर पडते, आखूड साखळ्यांचा वाटा घटतो, आरएम उतरतो. शिवाय सरकीच्या तेलात काही खास आम्लं असतात. स्टिअरिकचं मऊ ओलेइकमध्ये रूपांतर करणारं जे विकर (एन्झाइम) आहे, त्याला ती अडवतात. म्हणून तुमचं तूप घट्ट आणि दाणेदार. सरकीचं तेल ओळखण्याची हाल्फेन नावाची चाचणी आहे. सरकी खाणाऱ्या जनावराचं अस्सल तूपसुद्धा त्या चाचणीत लाल रंग दाखवू शकतं. तेल कोणी ओतलेलं नसतं, ते म्हशीच्या अंगातून फिरून आलेलं असतं.

आणि गंमत म्हणजे हे कायद्याला माहीत होतं. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तुपासाठी अख्ख्या महाराष्ट्राला एक निकष नव्हता. "कापूसपट्टा" आणि "कापूसपट्टा सोडून" अशा दोन ओळी होत्या, गुजरात आणि मध्य प्रदेशलाही तशाच. कापूसपट्ट्यात आरएम २१ पर्यंत खाली आला तरी चालायचा, इतर महाराष्ट्राला त्याहून जास्त लागायचा. जनावर काय खातं यावर तुपाची व्याख्या बदलते, हे सरकारनं छापून दिलेलं! पुढच्या वेळी नमुना देताना "कापूसपट्ट्यातील, सरकीवरील म्हशी" असं लेखी द्या आणि अहवालावर ते उतरवून घ्या.

वऱ्हाडी_माय | बुधवार, रात्री ९:१५

अगं माय! हे आधी कोणी सांगलं असतं तर ऐंशी किलो तूप गावातच स्वस्तात वाटावं लागलं नसतं. लिहून ठेवते.

मेपलपान | गुरुवार, पहाटे ५:३०

टोरांटोहून. २०२१ च्या फेब्रुवारीत इकडे याच विषयावर देशभर गोंधळ उडाला होता, "बटरगेट" म्हणायचे. लोक म्हणायला लागले की लोणी ओट्यावर ठेवूनही मऊ होत नाही, ब्रेडला लावायला गेलं तर ब्रेड फाटतो. करोनात सगळे घरी केक भाजायला लागल्यामुळे लोण्याला मागणी वाढली होती, आणि फॅट वाढवायला शेतकरी गाईंना पामतेलापासून केलेलं खाद्य देत होते. ते आधीपासूनच देत होते, पण चर्चेत तेव्हा आलं. पामिटिक आम्ल वाढलं की लोणी घट्ट होतं, असा तर्क. शेवटी शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं सभासदांना पाम टाळायला सांगितलं. खापर पूर्णपणे पामवर फोडावं का, यावर अभ्यासकांचं एकमत काही झालं नाही.

अवांतर: कधी आयर्लंडचं लोणी मिळालं तर हातात घेऊन बघा. पिवळंधमक आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या सुरीला वाट देतं. त्यांच्या गाई वर्षातला बराच काळ गवतावर असतात.

दावणकर | गुरुवार, सकाळी ७:००

म्हणजे आमच्याकडे खाद्याच्या दुकानात "बायपास फॅट" म्हणून मिळतं ते तेच का? कालच दुकानदार म्हणाला, "दोनशे ग्रॅम टाका, आठ दिवसात फॅट वर."

गोठ्यातला_डॉक्टर | गुरुवार, दुपारी २:१०

तेच. बहुतेक वेळा पामच्या आम्लांचा कॅल्शियमशी केलेला साबण असतो. कोठीपोटात विरघळत नाही, चौथ्या पोटाच्या आंबट रसात सुटतो, म्हणून बायपास. वाईट नाही. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या आणि अंगानं खंगत चाललेल्या गाईला मी स्वतः लिहून देतो.

पण तुमच्या गोठ्यात आत्ता ते टाकणं म्हणजे गळक्या टाकीत वरून घागर ओतणं. केंद्रावरच्या मशीनला ३.५ दिसेलही. कोठीपोट आंबटच राहील, आणि दोन-तीन महिन्यांनी गाई खुरं उचलायला लागल्या की मला फोन येईल. मशीन फॅट किती ते सांगतं, कुठून आलं ते सांगत नाही.

उलटंही लक्षात ठेवा. व्यायल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखाद्या गाईचं फॅट अचानक ५ लागलं तर पेढे वाटू नका. ती अंगावरची चरबी जाळतेय. किटोसिस (चरबी जास्त जळल्यानं होणारा आजार) तपासून घ्या.

कोथरूडकर | गुरुवार, रात्री ९:३०

आम्ही नुसते पिणारे. आमच्यासाठी काय? "गवत खाणाऱ्या गाईचं दूध" म्हणून दुप्पट दरानं बाटली मिळते. खरंच काही फरक असतो की नुसतं लेबल?

रसायनवाला | गुरुवार, रात्री १०:१०

फरक असतो, लेबल म्हणतं तेवढा नसतो. हिरव्या गवतावरच्या गाईच्या दुधात ओमेगा-३ जास्त आणि सिस-९, ट्रान्स-११ सीएलए जास्त. वरच्या चोराचा हा सज्जन भाऊ, नावात दोन आकडे इकडेतिकडे आणि स्वभाव उलटा. कॅरोटीनमुळे रंगही पिवळसर येतो. म्हशीचं दूध कशावरही पांढरंच, ती कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. तरी कुठल्याही गाईच्या दुधातलं साधारण दोन तृतीयांश फॅट संपृक्तच (सॅच्युरेटेड) राहतं, कारण कोठीपोट चाऱ्यातलं बहुतेक तेल घट्ट करूनच पुढे सोडतं. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी खा, दूध दुधासाठी प्या.

आणि पिशवीतलं टोन्ड दूध असेल तर हजारो गोठ्यांचं दूध एकत्र करून ३ टक्क्यांवर आणलेलं असतं. त्यात दावणकरांच्या गाईंनी काय खाल्लं ते शोधायला जाऊ नका.

दावणकर | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ८:४५

नववा दिवस. फॅट ३.१. गव्हाचं काड शेजाऱ्याकडून ट्रॉलीभर घेतलं, कडबा दोनशे पेंढ्या. पहिले तीन दिवस गाई काड बाजूला सारून मका वेचत होत्या. मग आईनं सुचवलं म्हणून काडावर गुळाचं पाणी शिंपडलं, तेव्हा खायला लागल्या. डॉक्टर, चौथ्या दिवशी तुम्हाला लिहायला हात शिवशिवले होते.

खडाखोर | शुक्रवार, रात्री ९:०२

गुळाचं पाणी शिंपडलं की मीपण कडबा खाईन.

दावणकर | त्याच्या पुढचा शुक्रवार, रात्री ९:२०

सोळावा दिवस. आज सकाळी ३.५, संध्याकाळी ३.७. दूध पाच लिटरनं उतरलं, एकशे चौदावर आहे. कपात गेली आणि कॅन रांगेत परत आला, त्यामुळे हिशोब फायद्यातच. डीडीजीएस पूर्ण बंद नाही केली, एक किलो चालू आहे. शेणात दाणे दिसत नाहीत, वर टेकडीसारखं बसतं.

सोडा पुढच्या आठवड्यात कमी करून बघणार आहे. आमच्या घरचे आबा आता रात्री झोपायच्या आधी बॅटरी घेऊन गोठ्यात जातात आणि बसलेल्यांत किती जणी रवंथ करतायत ते मोजून येतात. काल सातपैकी पाच.

वऱ्हाडी_माय | शुक्रवार, रात्री ९:४४

पेंढी काय भावानं पडली हो भाऊ?